मंदाबाईंचं मोहोळ

आमच्या गावात सुनेला वळण लावायचं असलं की सासवा मंदाबाईंचं नाव घ्यायच्या. "हसायचं कसं ते अंगणवाडीच्या बाईकडनं शिक गो. पदर कसा तोंडाशी धरते बघ. नायतर तू, सगळी बत्तिशी दाखवतेस." आणि खोटं नव्हतं ते. मंदाबाईंना हसू आलं की आधी पदर वर यायचा, हसू त्याच्या मागून. बोलतानासुद्धा तोंड जरासं बाजूला. फोटो काढायची वेळ आली की ओठ असे मिटलेले, की जणू आत कुणी कुलूप घातलंय. माणसं म्हणायची, मोठ्या घरची मर्यादा आहे बाईला. मोठं घर कसलं? बाप तानशाच्या तलावावर रखवालदार, भावंडांची ही रांग. पण पदरानं घर मोठं केलं.

मला ठाऊक होतं पदराआड काय आहे ते. मशेरी होती.

मशेरी म्हणजे काय हे बायकांना सांगायला नको, पुरुषांसाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, हातानं चुरायची आणि बोटावर घेऊन दातांना लावायची. नाव दात घासायचं, काम डोकं शांत करायचं. आमच्याकडे ती लपून कुणी लावत नाही. मी तर कमरेला डबी लावूनच फिरते. पण मंदाबाई पडल्या अंगणवाडी सेविका. गरोदर बाईला "तंबाखू सोड, पोटातलं बाळ बारकं होईल" हे सांगायचं कामच त्यांचं. मग त्यांनी उघड्यावर कशी लावायची?

मी त्यांची मदतनीस. खोली झाडायची, पाणी भरायचं, घरोघर फिरून पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची. शाळा मी बघितली नाही. अंगणवाडीच्या भिंतीवरचे तक्ते पुसता पुसता अक्षरं शिकले, पोरांच्या मागं उभी राहून. त्याच अक्षरांवर हे लिहिते आहे, तेव्हा कुठं वाकडं तिकडं झालं तर सांभाळून घ्या. मंदाबाई वयानं माझ्याहून लहान, हुद्द्यानं मोठ्या. चारचौघांत मी त्यांना "बाई, तुमी" म्हणायचे आणि चुलीपाशी "मंदे, तू". त्या सुपरवायझर मॅडमसमोर मला "मावशी" म्हणायच्या, एकटीत "आक्का". लिहिताना मात्र मान देऊन लिहिते. तो त्यांनी कमावलाय.

वैशाखऱ्याच्या पुढं, घाटाकडं जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव. अंगणवाडीची खोली एका टोकाला. तिच्या पायरीवर बसलं की समोर नानाचा अंगठा दिसतो, नाणेघाटावरचा तो सुळका, आभाळात काढलेला. पायरीवर पोरांच्या चपलांचा ढीग, आणि त्यातच मंदाबाईंच्या, एका पट्ट्याला तार लावलेली. बाई अंगानं काटकी, चालणं झपाझप. वजनकाटा हंड्यासारखा कमरेवर घेऊन वाड्या पालथ्या घालायच्या. मंगळसूत्राला सेफ्टीपिना अडकवलेल्या. स्वतःसाठी नव्हेत, कुणा पोराची चड्डी सुटली तर असाव्यात म्हणून.

आणि पोरांना सांभाळायची त्यांची एक तऱ्हा होती. रडणाऱ्या पोराला त्या "नाय" कधी म्हणायच्या नाहीत. नवीन पोर आलं की भोकाड पसरतं, घरी जायचंय, घरी जायचंय. बाई म्हणायच्या, "जाऊ हां. आत्ताच जाऊ. पण ही बाहुली बघ कशी जागी आहे. हिला एकटी टाकून कसं जायचं? तू हिला झोपव, मग निघू." पोर बाहुलीला थोपटायला लागायचं. बाहुली कसली झोपते? थोपटता थोपटता पोरच लवंडायचं. मी विचारलं तर म्हणाल्या, "नाय म्हटलं की पोर लोळण घेतं, आक्का. हो म्हणायचं, आणि मधे एक काम ठेवायचं. काम होईपर्यंत हट्ट विरतो."

एवढी शहाणी बाई. पण स्वतःच्या डोक्याला काही हे जमायचं नाही.

काम वाढत गेलं होतं. पूर्वी पोरं, खिचडी, गाणी. मग फोन आला. पोरांचं वजन फोनात, उंची फोनात, खिचडीचा फोटो फोनात. आणि गावात नेट नाही. बाई फोन उंच धरून टेकडीवर चढायच्या, दुरून वाटायचं देवाला काहीतरी दाखवतायत. भरलेलं पुसलं जायचं, वरून मॅडमचा फोन, "अजून आलं नाही तुमचं." घरी सासू अंथरुणाला खिळलेली, जीभ मात्र हिंडती फिरती. नवरा भातसानगरला धरणावर कामाला, सुट्टीला यायचा, तेव्हा पाहुण्यासारखा. या सगळ्याचं ओझं एकाच वेळी आलं की बाई कानशिलावर दोन बोटं ठेवायच्या आणि मला म्हणायच्या, "आक्का, मोहोळ उठलं गो."

मोहोळ उठलं म्हणजे मी समजायचं. पोरांना गाणं लावून द्यायचं. बाई खोलीच्या मागं, भिंतीकडं तोंड करून उकिडव्या बसायच्या, कमरेची मशेरीची बाटली काढायच्या. थोड्या वेळानं एक लांब सुस्कारा ऐकू यायचा, "हांऽऽ, बसलं." मग चूळ, मग लवंग, मग पदर नीट करून आत. "चला रे, कोण सांगणार आज वार कोणता?"

मशेरी भाजायची मी. त्यांच्या घरी भाजली तर वास गल्लीभर सुटणार. माझ्या घरी काय, रोजचाच वास. त्यांच्यासाठी बामाची रिकामी बाटली भरून द्यायची, म्हणजे कुणी बघितलं तर बाईंचं डोकं दुखतंय. आणि गावानं ते इतकं मनावर घेतलं की काय सांगू. कुणी सुंठ उगाळून आणली, कुणी गावठी तूप नाकात सोडायला. ठाकरवाडीवरची एक म्हातारी कसलासा पाला घेऊन उन्हातून चालत आली. बाई तो पाला कपाळाला बांधून दिवसभर बसल्या. काढतील कशा? म्हातारी समोरच बसलेली.

एकदा एका आईनं बाईंना खऱ्या बामाची बाटली आणून दिली. त्या दिवशी दोन्ही बाटल्या पिशवीत. मोहोळ उठलं, बाई मागं गेल्या आणि घाईत खरा बामच हिरड्यांना चोळला! डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. पोरांनी घेरलं, "बाई, का रडता?" बाई पदराआडून म्हणाल्या, "कांदा चिरला रे." एक चिमुरडा म्हणाला, "खिचडीत तर कांदा नसतो." आम्ही दोघी चुलीपाशी पोट धरून हसलो त्या दिवशी. मला अजून हसू येतं. पण पुढचं आठवलं की हसू जातं.

मग एके दिवशी आयांची सभा होती. सुपरवायझर मॅडम आल्या होत्या, आणि विषय नेमका तंबाखूचा. खोलीत वीसेक बायका दाटून बसलेल्या, पोरांना एका कोपऱ्यात खेळायला सोडलेलं. बाई उभ्या राहून सांगत होत्या, मशेरीनं तोंडाला काय काय होतं, घरात पोरं बघतात, पोरं शिकतात. छान बोलायच्या त्या. पदर तोंडाशी, तरी आवाज खणखणीत.

कोपऱ्यात पोरं "बाई-बाई" खेळत होती. सोनी नावाची पोर बाई झाली होती. ओढणीचा पदर घेतलेला, बाकीच्यांना दटावणं चाललेलं, "हात धुतले का? नखं दाखवा." बायकांचं लक्ष तिकडं गेलं, कौतुकानं हसायला लागल्या. मॅडमही वळून बघायला लागल्या. सोनीला चेव आला. तिनं दोन बोटं कानशिलावर ठेवली. म्हणाली, "आक्का, मोहोळ उठलं गो." मग भिंतीकडं तोंड करून उकिडवी बसली, कमरेतून खडूचा तुकडा काढला, दातांवरून बोट फिरवलं, अगदी हळूहळू, डोळे मिटून, आणि सुस्कारा सोडला. "हांऽऽ, बसलं."

एकही सूर चुकला नव्हता. बाकीची पोरंही एका सुरात म्हणाली, "बसलं!" म्हणजे हा त्यांचा रोजचा खेळ होता. आम्हाला वाटायचं, भिंत आहे मधे.

खोलीत कुणी हसेना. मॅडम भल्या, त्या म्हणाल्या, "पोरं काय, काहीही करतात." विषय तिथंच मिटला असता. पण सोनीची आजी दारात बसलेली, ती म्हणाली, "पोर कशाला खोटं करंल? बघितल्याबिगर का केलं?" आणि मागून कुणाचा तरी आवाज, "म्हणून होय तो पदर!"

मंदाबाईंच्या हातातला तक्ता, तोंड सडल्याचं चित्र असलेला, तो त्यांनी गुंडाळायला घेतला. नीट गुंडाळला, दोरी बांधली, खिळ्याला अडकवला. मग चपला न घालता घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. मी पोरं सोडली आणि त्यांच्या घरी गेले. सासू खाटेवरून म्हणाली, "आलीस? जा, बघ तुझ्या मास्तरणीला. तोंड काळं करून बसलीय पडवीत." मंदाबाई पडवीत भात पाखडत बसल्या होत्या. पाखडून झालेलाच पुन्हा पाखडत होत्या.

मी म्हटलं, "मंदे, एवढं काय मनाला लावून घेतेस? गावातल्या सगळ्याच लावतात. कोण तुला बोट दाखवील?"

"बोटाचं नाय गो." त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुला आठवतं, दवाखान्यात तोंड तपासायचा कॅम्प होता?"

आठवत होतं. बाईंनीच अख्ख्या गावाच्या बायकांना जीप करून नेलं होतं. एकेकीचा हात धरून डॉक्टरांसमोर बसवलं होतं, "आ कर गो, भितेस काय, डॉक्टर काय दात मोजत नाय."

"सगळ्या झाल्या," मंदाबाई म्हणाल्या, "मग डॉक्टर मला म्हणाले, ताई आता तुम्ही बसा. मी म्हटलं, थांबा, तुमच्यासाठी चहा आणते. आणि गेले ती जीप सुटायच्या टायमालाच आले."

मग त्यांनी इकडं तिकडं बघितलं, सासूची खाट भिंतीपलीकडं आहे याची खात्री केली, आणि ओठ बोटानं ओढून मला गाल आतून दाखवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचं तोंड आतून बघितलं. गालाला पांढरा चट्टा. सायीसारखा. पुसला तरी न जाणारा.

"केव्हापासून?"

"मला काय माहीत? मी आरसा बघायचं सोडलंय."

आता सांगा, तक्त्यावरचं ते चित्र हीच बाई दर महिन्याला बायकांना दाखवत होती. पांढरा चट्टा म्हणजे पहिली पायरी, लगेच दाखवा, लगेच सोडा. आणि रोज घरी जाऊन तोंड मिटून झोपत होती.

मुरबाडला ओळखीचं कुणी भेटेल म्हणून आम्ही शहापूरला जायचं ठरवलं. तिथं माझा मुलगा राहतो, म्हणून गावाला सांगायला निमित्त झालं. किन्हवलीवरून जाणारी एसटी. बाई वाटभर खिडकीला डोकं टेकून. दवाखान्यात डॉक्टरीण तरुण, माझ्या नातीएवढी. तिनं तोंड बघितलं, बॅटरी लावून बघितलं, विचारलं, "काम काय करता?"

मंदाबाई म्हणाल्या, "घरकाम."

डॉक्टरणीनं सांगितलं, बारकासा तुकडा काढून तपासायला पाठवू. आत्ता घाबरण्यासारखं दिसत नाही, पण हे असंच चालू ठेवलं तर बिघडू शकतं. औषध एकच, मशेरी बंद. आम्ही उठलो, व्हरांड्यापर्यंत आलो. आणि मंदाबाई थांबल्या. मला तिथंच उभी करून परत आत गेल्या. दार उघडंच होतं.

"मॅडम, मी खोटं बोलले. मी अंगणवाडी सेविका आहे. मीच लोकांना सांगते सोडा म्हणून."

डॉक्टरीण हसली. "मग तर तुम्हाला सोपं जाईल."

"नाय मॅडम," बाई म्हणाल्या. "मला लय अवघड जाणार आहे. म्हणून सांगायला आले."

तुकड्याचा निकाल चांगला आला. वाईट काही नव्हतं. पण "आत्तापुरतं" हा शब्द डॉक्टरणीनं पुन्हा पुन्हा वापरला, आणि पुन्हा दाखवायला बोलावलं.

मंदाबाई मला म्हणाल्या, आक्का, माझी बाटली आता भरू नको. मी म्हटलं बरं. त्यांनी होती ती बाटली चुलीत रिकामी केली. बरेच दिवस ठीक गेले. मग एकदा फोनात भरलेलं सगळं पुसलं गेलं, मॅडम रागावल्या, घरी सासूनं ताट भिरकावलं. मी माझ्या पडवीत तवा थंड करायला ठेवला होता, नुकतीच भाजून डबी भरली होती. पाण्याचा हंडा घेऊन आले, तर मंदाबाई तव्यापाशी बसलेल्या. तव्याच्या कडेला लागलेला चुरा बोटानं खरवडून तोंडात घालत होत्या. बोटानं निघेना म्हणून तवा उचलला आणि जिभेनं.

मला बघून तवा खाली ठेवला. ओठ काळे, हनुवटी काळी. पदराची आठवण झाली नाही त्यांना.

"बघितलंस ना?" म्हणाल्या. "तवा चाटला मी. कुत्र्यासारखा." आणि अंगणात जाऊन खळखळून चूळ भरत राहिल्या.

मला वाटलं, झालं, संपलं. या बाईच्यानं सुटत नाही. खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. आपल्यातलीच निघाली, म्हणून.

पण भातलावणीच्या दिवसांत एक गंमत झाली. बाई सुट्टीच्या दिवशी त्यांच्या खाचरात आमच्यासोबत लावणीला होत्या. कंबर मोडेपर्यंत लावायचं, मग सगळ्या बायका बांधावर बसून डबी फिरवायच्या. मंदाबाईंकडं डबी नाही, म्हणून त्या बसल्याच नाहीत. वाकून लावतच राहिल्या. आम्ही गप्पा मारतोय, त्या चिखलात एकट्या. आमची दुर्गी म्हातारी ओरडली, "ए मंदे, बस की गो जरा!"

"मी लावत नाय आता."

"मशेरी नाय तर नुसती बस!"

"नुसती कशी बसू?" त्या सरळ झाल्या, हातात रोपांची मूठ. "बसून करू काय?"

सगळ्या हसल्या. मंदाबाई नाही हसल्या. तशाच उभ्या राहिल्या. संध्याकाळी परतताना मला म्हणाल्या, "आक्का, तू कधी बाईमाणसाला नुसतं बसलेलं बघितलंयस? बापय पारावर बसतात, त्यांना कोण विचारत नाय. बाई बसली तर हातात निवडण पायजे, नायतर मशेरी पायजे. मला वाटायचं मला मशेरी लागते. मला बसायला लागतं गो. मशेरी ही बसायची परवानगी होती."

आणि दुसऱ्या दिवसापासून त्या बसायला लागल्या. खिचडी झाली, पोरं निजली, की पायरीवर येऊन. फोन आत. हात मोकळे, मांडीवर उताणे. तोंडात बडीशेपेचे चार दाणे. रस्त्यावरून जाणारं माणूस थबकायचं. "काय झालं बाई? बरं नाय का?" "बरं हाये." "मग अशा का बसल्या?" "अशीच." माणसाला "अशीच" कळायचं नाही. गावात चर्चा. बाईंना वारं लागलं. बाईंचं नवऱ्याशी बिनसलं. पगार फुकटचा घेतात, काम मावशीवर टाकून पायरीवर बसतात. ज्या सासवा त्यांचं नाव घेऊन सुनांना शिकवायच्या, त्याच म्हणायच्या, "तिच्यासारखी बसू नको पाय पसरून."

मशेरी लपवताना जेवढी लाज वाटली नसेल तेवढी त्यांना ते बसताना वाटायची. मला दिसायचं ना. कुणी येताना दिसलं की हात आपोआप काहीतरी शोधायचे, पायरीवरचा खडा, पदराचा दोरा. मग पुन्हा त्या हात उताणे ठेवायच्या. मी एकदा शेजारी टेकले आणि विचारलं, "काय चाललंय आत?"

"पोर रडतंय," म्हणाल्या. "माझ्या आत एक आहे गो, आपल्या पोरांसारखंच. मशेरी दे, मशेरी दे. मी त्याला नाय म्हणत नाय. मी म्हणते, देते हां. पण आधी त्या अंगठ्यावरचा ढग जाऊ दे." समोर नानाच्या अंगठ्यावर ढग अडकलेला. "आणि ढग गेला तर?" "दुसरा येतो की!" हसल्या. पदर अर्धा वर आला.

कधी मोहोळ लवकर बसायचं, कधी बसायचंच नाही, आणि त्या तशाच उठून कामाला लागायच्या, कपाळावर आठी घेऊन, पोरांवर खेकसत. एकदा तर वजनकाटा आपटला. एक दिवस शहाणा, दोन दिवस वेडे. पण तव्याकडं पुन्हा आल्या नाहीत.

मग त्यांची सासू गेली. सुतकात आम्ही शेजारणी रोज दुपारी जाऊन बसायचो. आमच्यात रीत आहे, बोलायचं थोडं, बसायचं फार, आणि डबी फिरवायची. दुःखाच्या घरी डबी नाकारणं म्हणजे दुःखात सामील न होणं. डबी फिरत फिरत मंदाबाईंपाशी आली. ज्या सासूनं आयुष्यभर टोचलं तिचं पांघरूण समोर घडी करून ठेवलेलं. बाईंचे डोळे सुजलेले. मला कळत होतं, मोहोळ कसं उठलं असेल. सगळ्या बघत होत्या. सोनीची आजीसुद्धा होती.

बाईंनी डबी हातात घेतली. झाकण उघडं होतं, वास आला असणार. त्यांनी ती जराशी मांडीवर ठेवली. मला वाटलं, घेतली. मग उचलली आणि शेजारी दिली.

"डॉक्टरीण झाली मोठी," कुणीतरी पुटपुटलं.

मंदाबाई म्हणाल्या, "लाव गो तू. मी बसलीय ना तुमच्यात, तेवढं पुरं."

शेजारी मी होते. डबी माझ्या हातात आली होती. सगळ्यांचे डोळे आता माझ्यावर. मला काय अवघड होतं? पुढं सरकवायची, एवढंच. एकीच्या जागी दोघी झालो असतो, तर त्या पुटपुटणाऱ्या बाईची जीभ तिथंच अडली असती. मी बोट बुडवलं आणि लावली. मंदाबाईंच्या खांद्याला खांदा लावून, त्यांनी नुकत्याच नाकारलेल्या डबीतली. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. हात तेवढे मांडीवर उताणे ठेवले.

त्यानंतर माझं मदतनिसाचं काम संपलं आणि मी शहापूरला मुलाकडं आले. गावी जाणं कमी झालं.

परवा गावच्या कामाला निघाले होते, मुरबाडच्या स्टँडवर गाडी बदलायला उतरले. शहापूरची एसटी लागलेली, दाराशी बायकांचा घोळका, आमच्याच गावच्या. मधे मंदाबाई. केस बरेच पांढरे झालेत. एक तरणी सून पायरी चढायला तयार नव्हती, "मी नाय येत, मला लाज वाटते तोंड उघडायला."

"लाज वाटते? थांब." मंदाबाईंनी ओठ बोटानं ओढला. भर स्टँडवर, कंडक्टर बघतोय, भेळवाला बघतोय. "बघ, बघ नीट. इथवर पांढरं होतं. आता एवढंच राहिलंय. सगळं गेलं नाय, दाखवत राहायचं. मी पण आज दाखवणार. माझ्या मागनं तू."

सून वाकून बघायला लागली. तिच्या मागून दुसरी वाकली.

तेवढ्यात त्यांनी मला बघितलं. "आक्काऽऽ!" आणि हसल्या. बाई हसल्या तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचे दात बघितले. काळपट रेघा अजून आहेत, हिरड्या सुटलेल्या, एक दात बाजूचा नाही. पदर खांद्यावर होता, तिथंच राहिला. सगळं तोंड उघडं, आणि हसू सगळ्या स्टँडवर.

"मोहोळ काय म्हणतं?" मी लांबूनच विचारलं.

"उठतंय की! मी बसते, मग तेही बसतं." मग पुढं आल्या, माझा हात धरला. "चल गो, जागा आहे गाडीत. शहापूरच्या दवाखान्यात चाललोय, तिथंच तर राहतेस तू. आज माझ्याबरोबर तू पण आ कर. कितींदा म्हटलं तुला."

माझी डबी कमरेला होती. आत्ताही, लिहिताना, आहे. गालाला आतून जीभ लावली की खरखरीत काहीतरी लागतं, बरेच दिवस झाले. कुणाला बोलले नाही.

मी म्हटलं, "गावाला काम आहे गो. पुढच्या वेळी."

मंदाबाईंनी माझ्याकडं बघितलं. पोराकडं बघायच्या तसं. नाय म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं. काम कर हां. मग ये." आणि गाडीत चढल्या. खिडकीतून हात हलवला, तोंडभर हसत.

मीही हसले. तेव्हा लक्षात आलं, माझा हात पदर घेऊन वर गेलाय. गाडी स्टँडबाहेर वळली, दिसेनाशी झाली, तरी पदर माझ्या तोंडावरच होता.